हॉलची चोपण बाजू

आमच्याकडे स्पीकरचं तोंड गावाकडे असतं. लग्न असो, जागरण-गोंधळ असो, नाहीतर नव्या बोअरला पाणी लागलेलं असो, गाणं लावायचं ते दुसऱ्याला ऐकवायला. घरची माणसं चुलीपाशी नाहीतर पाहुण्यांच्या पाया पडण्यात अडकलेली, त्यांना कुठली ऐकायला सवड. त्यामुळे मुलाने पुण्याहून आपले दोन मोठे लाकडी स्पीकर सणसरला आमच्या घरी आणून टाकले, तेव्हा आमच्या ह्यांनी पहिल्याच दिवशी ते ओढत दाराशी नेले आणि दोन्हींची तोंडं रस्त्याकडे करून ठेवली. एक अभंग संपायच्या आत शेजारची माणसं धुतलेल्या टोप्या घालून हजर. "तात्या, काय कार्यक्रम हाय?" कार्यक्रम काही नाही म्हटल्यावर त्यांची तोंडं उतरली. मग मी चहा टाकला.

तात्या म्हणजे आमचे हे. गाव तात्या म्हणतं, मी अहो म्हणते, आणि फार राग आला की काहीच म्हणत नाही.

पुण्यात जे नको होतं ते आमच्याकडे येतं, ही जुनी रीत आहे. चालायचं मशीन असंच आलं, त्याच्यावर मी कुरडया वाळवते. स्पीकरचं कारण म्हणजे मुलाच्या नव्या फ्लॅटखाली एक तापट गृहस्थ राहतात, आणि सूनबाईंचा त्या गृहस्थांना पाठिंबा आहे. मुलगा म्हणाला, "आई, फेकवतही नाहीत आणि ठेवताही येत नाहीत. बाबांना होतील." मी म्हटलं, ठेव. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं.

कारण हे तेव्हा नुसते बसून असायचे. गुडघे गेले म्हणून ट्रॅक्टर पुतण्याकडे गेला होता. आयुष्यभर ज्या माणसाला ताटावर बसवायला हाका माराव्या लागल्या, तो माणूस आता सकाळपासून ओट्यावर बसून समोरच्या लिंबाकडे बघत होता. पारावर जायचं त्यांनी सोडलं होतं. का, तर "समदी एकदम बोलत्यात, काय कळत न्हाय." टीव्ही एवढा मोठा लावायचे की बातम्या देणारी बाई आमच्या गोठ्यातल्या म्हशींनाही पाठ झाली असेल. मला त्या बसण्याची भीती वाटायची. माझ्या माहेरी, पळसदेवला, चुलते असेच बसायला लागले होते, आणि मग ते उठलेच नाहीत.

गाण्याचं मात्र ह्यांना तरुणपणापासून वेड. ट्रॅक्टरच्या मडगार्डला तारेने ट्रान्झिस्टर बांधलेला असायचा. नांगरट चालू, सायलेन्सर धडधडतोय, आणि त्यात एक गायक बिचारा जीव तोडून गातोय. एकही गाणं ह्यांनी अख्खं ऐकलं नसेल. "एकदा निवांत बसून गाणं ऐकायचं हाय," असं ते दर उन्हाळ्यात म्हणायचे आणि दर उन्हाळ्यात ऊस पाण्याला यायचा. आता निवांतपणा भरपूर होता, गाणं राहिलं होतं. स्पीकर आले आणि माणूस उठून उभा राहिला.

मुलाने फोनवरून शिकवलं. स्पीकर आपल्याकडे तोंड करून ठेवायचे. भिंतीला चिकटवायचे नाहीत. दोन स्पीकर आणि एक खुर्ची, तिघांमधलं अंतर सारखं. बरोबर जमलं की स्पीकर नाहीसे होतात आणि गाणारा मधोमध, रिकाम्या भिंतीपाशी उभा राहतो. मी फोनमध्ये डोकं घालून म्हटलं, "एवढी दोन कपाटं नाहीशी होणार असतील तर आधी ती कर, गाणाऱ्याचं नंतर बघू." मुलगा म्हणाला, "आई, तुला नाही कळणार." ह्यांना मात्र ते चटकन पटलं. ते लगेच कामाला लागले.

त्यांची काम करायची रीत एकच, रानातली. सरी पाडताना धरतात ती गाठीगाठींची दोरी काढली. चुन्याची फक्की आणली. माझ्या हॉलच्या चकचकीत फरशीवर दोरी ताणून पांढऱ्या रेघा मारल्या, जणू काही सोमवारी लागण करायची आहे. सकाळी मी सवयीने फरशी पुसली आणि सगळं रान पुसलं गेलं. त्यावरून जे झालं ते लिहीत नाही.

मग टाळी वाजवून बघितली. आमचा हॉल पाहुण्यांवर छाप पडावी म्हणून बांधलेला, उंच स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी, सामान कमी. टाळी वाजवली की दुसरी टाळी परत येते. फोनवर उपाय मिळाला की भिंतींवर जाड कापड हवं. ह्यांनी माझ्या ट्रंकेतल्या वाकळा काढल्या आणि खिळ्यांना टांगल्या. माझ्या आईने जुन्या लुगड्यांतून शिवलेल्या वाकळा, पाहुणा आला तर अंथरायच्या, त्या आता भिंतीवर. कोपऱ्यांतही काहीतरी भरीव पाहिजे म्हणाले, म्हणून चारी कोपऱ्यांत खताच्या गोण्या आल्या. एक बाई हळदीकुंकवाचं बोलावणं द्यायला आली, तिने इकडेतिकडे बघून विचारलं, "दुकान टाकलं व्हय?" मी हो म्हटलं. समजावून सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

सासऱ्यांच्या फोटोची वेगळीच तऱ्हा. पखवाजाचा जाड आवाज आला की फोटोची काच गुरगुरायची. सासरे हयात होते तेव्हा सुनांवर असेच गुरगुरायचे, त्यामुळे मला काही नवल वाटलं नाही. ह्यांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून फोटोच्या मागे लावला आणि सासरे गप्प झाले. जे सासूबाईंना चाळीस वर्षांत जमलं नाही ते ट्यूबने केलं.

एवढं सगळं झाल्यावर हे खुर्चीत बसले, गाणं लावलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"डावा बॉक्स मार खातोय."

गाणारा मध्ये येत नव्हता. सारखा उजवीकडे पळत होता. ह्यांनी वायरी तपासल्या, मग इंदापुरात जाऊन नव्या जाड वायरी आणल्या. काही फरक नाही. मग डावा बॉक्स उजवीकडे आणि उजवा डावीकडे, अशी अदलाबदल केली. पुतण्याला बोलावून दोघांनी ते धूड उचललं. पुन्हा गाणं लावलं. तरीही डावीकडचाच कमी. मगाशी उजवीकडे असताना ठणठणीत होता तोच बॉक्स, डावीकडे गेल्या गेल्या मरगळला.

शहरातल्या माणसाने इथे दुकानदाराला फोन केला असता. ह्यांनी कंबरेवर हात ठेवून त्या कोपऱ्याकडे बराच वेळ बघितलं आणि निकाल दिला.

"बॉक्सचा दोष न्हाय. ती बाजूच चोपण हाय."

चोपण म्हणजे पाणी साचून साचून मीठ फुटलेली जमीन. कालव्याचं पाणी आल्यापासून आमच्या भागात प्रत्येकाच्या रानात असा एक तुकडा असतोच. बाकीचा ऊस डोक्याच्या वर जातो आणि तेवढ्या तुकड्यात पिवळा पडून गुडघ्याला राहतो. बी बदला, खत बदला, तो तसाच. तेव्हा हॉललाही चोपण असणार यात ह्यांना काही वावगं वाटलं नाही. खरं तर मलाही वाटलं नाही. त्या बाजूच्या भिंतीपलीकडे मोरी आहे, ओल धरते. आम्ही दोघांनी मिळून त्या भिंतीला शिव्या दिल्या.

चोपणाला इलाज करायचा म्हणजे जास्त द्यायचं. डाव्या कोपऱ्यातल्या गोण्या निघाल्या, वाकळ निघाली. मग डावा बॉक्स थोडा पुढे आला. दुसऱ्या दिवशी आणखी थोडा. रोज दुपारी वीज आली की हे बसायचे, ऐकायचे, उठून डावा बॉक्स वीतभर ओढायचे आणि उजवा मागे ढकलायचे. मुलगा फोनवर ओरडला की अंतर सारखं पाहिजे. ह्यांनी त्याला सांगितलं, "पुस्तकातलं रान येगळं आन खरं रान येगळं." शेवटी डावा बॉक्स खुर्चीच्या हाताला टेकला आणि स्वयंपाकघरातून बाहेर यायची माझी वाट बंद झाली. मी भाजीची पातेली घेऊन मागच्या दाराने फिरून पुढे येऊ लागले.

आणि एक दिवस हे खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि कितीतरी वेळ हललेच नाहीत. मी घाबरून जवळ गेले तर गालावर पाणी.

"आला," म्हणाले. "मधोमध उभा हाय."

तो दिवस फार चांगला होता. त्यांनी भावकीला बोलावणं धाडलं. एकेकाला खुर्चीत बसवलं, देवाला नेऊन बसवावं तसं, आणि गाणं लावून समोर तोंडाकडे बघत उभे राहिले. माणसं बसली, मान डोलवली, "वा तात्या" म्हणाली आणि उठली. आमच्याकडे घरी बोलावलं की नावं ठेवायची पद्धत नाही, ती बाहेर पडल्यावर ठेवतात. फक्त माझ्या धाकट्या जावेने स्वयंपाकघरात येऊन हळूच विचारलं, "बाई, त्यो पलीकडचा बंद हाय व्हय?" मी तिला चहाच्या कपबशा दिल्या आणि गप्प बसवलं.

पण ते डोक्यात राहिलं. दुसऱ्या दिवशी हे दाढी करायला चौकात गेले, तेव्हा मी पदर खोचून त्या खुर्चीत पहिल्यांदा बसले. तोवर मला तिथे बसायची बंदीच होती, म्हणे खुर्ची हलते. मोबाईलवरून बॉक्सवर तेच गाणं लावलं. सगळं गाणं माझ्या डाव्या कानात. गायक, पेटी, पखवाज, टाळ, सगळी वरात डावीकडे आणि उजवीकडे शुकशुकाट. मी उठून पलीकडच्या बॉक्सला कान लावला तर तो बापडा व्यवस्थित गात होता. पुन्हा येऊन बसले. पुन्हा डावीकडेच.

मी बसून विचार केला. बॉक्स बदलले होते. वायरी बदलल्या. गोण्या हलवल्या, वाकळ काढली. काय बदललं नव्हतं? खुर्चीत बसणारा.

पण मी लगेच मानायला तयार नव्हते, म्हणून खात्री करून घेतली. संध्याकाळी हे ओट्यावर बसले होते. मी त्यांच्या डाव्या बाजूला, थोडी मागे उभी राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "मटण शिजलंय, जेवायला चला."

हा माणूस तापाने फणफणलेला असतानाही मटण या शब्दाला उठून बसलेला मी बघितला आहे. आता पापणीही हलली नाही. मी उजवीकडे गेले आणि तेच, त्याच आवाजात म्हणाले. हे ताडकन उठले आणि हात धुवायला गेले. ताटात वांगं बघून त्यांनी मला जे ऐकवलं ते दोन्ही कानांनी ऐकण्यासारखं होतं. एरवी मी पोट धरून हसले असते. त्या दिवशी मी त्यांना आणखी एक भाकरी वाढली.

कितीतरी गोष्टींचा उलगडा झाला. पार का सुटला, टीव्ही का ओरडत होता, फोन कायम उजव्याच कानाला का. मला वाटत होतं माणूस म्हातारपणी माजलाय. सांगावं की नाही, हा प्रश्न मी दोन दिवस उशाखाली घेऊन झोपले. न सांगावं तर ह्यांचा गायक मधोमध उभा होता, ह्यांना सुख होतं, आणि मी मागच्या दाराने पातेली नेत राहिले असते तरी माझं काही बिघडत नव्हतं. पण कान आणखी उतरला तर बॉक्स आणखी किती जवळ ओढणार होते. तो आधीच खुर्चीला टेकला होता.

मी उजव्या बाजूला बसून सांगितलं. "चोपण हॉलात न्हाय. तुमच्या डाव्या कानात हाय."

ते चिडले. मला गाण्यातलं काही कळत नाही म्हणाले, मला त्यांचं सुख बघवत नाही म्हणाले. मग उठून खोलीत गेले. थोड्या वेळाने आतून टाळ्यांचा आवाज आला. एक टाळी, मग थोडं थांबून दुसरी. हे एकेका कानाशी टाळी वाजवून बघत होते.

मुलगा आला आणि आम्ही बारामतीला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथे तपासायची एक लहानशी खोली असते, भिंतींना, छताला, दाराला सगळीकडे स्पंज. ह्यांनी आत जाताच हाताने भिंत चाचपली आणि टाळी वाजवली. परत काही आलं नाही. "ह्येला म्हणत्यात खोली," असं त्यांनी मला दारातून सांगितलं आणि तपासणाऱ्या मुलीला विचारलं की हा माल कुठे मिळतो. बाहेर आले तेव्हा चेहरा पडला होता. आत शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं होतं, आणि डाव्या कानाच्या वेळी बटण नुसतं हातात राहिलं होतं.

डॉक्टरांनी विचारलं, "ट्रॅक्टर चालवत होता का?" हे म्हणाले, सारी उमर. डॉक्टर म्हणाले, नांगरताना माणूस उजव्या खांद्यावरून सारखा मागे वळून बघतो, नांगराचा तास सरळ पडतोय का म्हणून. मान तिकडे वळली की डावा कान इंजिनाच्या समोर येतो. वर्षानुवर्षं. नस कमजोर झाली आहे, ती परत येणार नाही. मशीन लावा, बोलणं बरंच कळेल.

ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं. "म्हंजी गाणारा मधी यायचा न्हाय?"

डॉक्टरांना प्रश्न समजला नाही. मुलाला समजला, तो खिडकीतून बाहेर बघू लागला. मग मीच म्हटलं, "न्हाय येणार."

घरी आल्यावर त्यांनी मशीन लावलं आणि ते बोलायला-चालायला उपयोगीही पडलं, पण गाणं बंद झालं. मशीनमधून गाणं पत्र्यावर वाळू पडल्यासारखं येतं म्हणाले. मुलगा म्हणाला, दोन्ही बॉक्समधून एकसारखंच येईल असं करून देतो. हे म्हणाले, "मग दोन कशाला?" आणि ओट्यावर जाऊन बसले. समोर लिंब होताच. मी वाकळा काढून धुतल्या, गोण्या पुतण्याच्या रानात गेल्या, आणि घर स्वच्छ झालं, जसं मला गेले कित्येक महिने हवं होतं. मला ते स्वच्छ घर बघवेना. पळसदेवचे चुलते डोळ्यांसमोर यायचे.

मला गाण्यातलं कळत नाही हे खरं आहे, पण माणसातलं कळतं. आमच्या ह्यांना काम सांगून ते करणार नाहीत, पण दुसऱ्याने वाकडं केलेलं त्यांना बघवत नाही. शेजाऱ्याच्या रानातली सरी वाकडी दिसली तर हे चप्पल काढून बांधावरून आत जातात. म्हणून एका सकाळी, ते ओट्यावर असताना, मी दार सताड उघडं ठेवून दोन्ही बॉक्स ओढायला लागले. एक भिंतीला चिकटवला, दुसऱ्याचं तोंड देव्हाऱ्याकडे केलं, खुर्ची खिडकीत नेली आणि गाणं लावलं.

मग ओट्यावरून, "काय चाललंय?"

"ऐकतीय."

"तसं ऐकत्यात व्हय? देवाला ऐकवायलीस काय?"

"मला असंच बरं वाटतं."

हे आत आले. मशीन काढून खिशात टाकलं. खुर्ची उचलून जागेवर ठेवली आणि मला म्हणाले, "बस हितं. हलू नको." मग त्यांनी बॉक्स हलवायला सुरुवात केली. दोरी नाही, फक्की नाही. ते ढकलायचे आणि माझ्याकडे बघायचे.

"कुठं हाय?"

"डावीकडं."

"आता?"

"तितंच. जरा मागं गेला."

"मागं म्हंजी किती? मोरीत गेला का?"

"भिंतीच्या आत."

माझा कुकर शिट्ट्या देऊन देऊन थकला. भात करपल्याचा वास आला तरी मला उठू दिलं नाही. त्यांनी डावा बॉक्स दोन बोटं मागे घेतला, उजव्याचं तोंड किंचित माझ्याकडे वळवलं, आणि मी काही बोलायच्या आत ते झालं. दोन्ही कपाटं गेली. समोरच्या मोकळ्या भिंतीपाशी एक माणूस उभा राहून गात होता. त्याच्या एका बाजूला पेटी, दुसऱ्या बाजूला पखवाज, मागे टाळकरी. तो श्वास कुठे घेतो तेही मला कळत होतं. मी साठी ओलांडल्यावर पहिल्यांदा गाणं ऐकत होते असं मला वाटलं, आणि ज्याला ते ऐकायचं होतं तो दोन बॉक्सच्या मध्ये घामाघूम होऊन माझ्या तोंडाकडे बघत होता.

"आला?"

मी मान हलवली.

"कुठं? बोट दाव."

मी बोट दाखवलं. ते त्या बोटाच्या रोखाने गेले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले. "हितं?"

"जरा अलीकडं."

ते सरकले. आता गाणं बरोबर त्यांच्या तोंडातून येत होतं. गळ्याशी पिवळा पडलेला बनियन, नाकावर घाम, दोन्ही हात बाजूला ताठ, फोटो काढून घेताना उभे राहतात तसे ते उभे होते, आणि गात होते. गाणं संपेपर्यंत हलले नाहीत. मी रडले ते त्यांना दिसलं.

"दुसरं लावू?" त्यांनी विचारलं.

"लावते मी," मी म्हटलं. "तुमी तितनं हलू नका."